सरपंचाला दहावीची अट? आधी शाळेत लोकशाही आहे का बघा

तापीकाठ
काल 'मेहरूणकर' यांनी इथे लिहिलं, शिक्षण वाढलं की दंगे थांबतात, लोकांना हक्क कळतात, लोकशाही सुधारते. सबब सरपंचाला दहावीची अट घाला. खाली चार ओळी टाकून गप्प बसणार होतो, पण डोकं तापलं. म्हणून वेगळा धागा.

अट आधीच आहे हो. २०१७ ला आली. १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास लागते. त्यानं कोणत्या गावाचं भलं झालं ते सांगा.

माझ्या आजीला सही येत नव्हती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मुकादम हजेऱ्या खायचा. हिनं कमरेला सुतळी बांधली, रोज एक गाठ. पगाराच्या दिवशी सुतळी त्याच्या टेबलावर टाकली आणि म्हणाली, मोज. पुढच्या पगाराला निम्म्या बायका सुतळी घेऊन हजर.

आणि मी शिकलेला. आठवीत नागरिकशास्त्राचे सर 'समता' वर टीप सांगत होते. मी घरच्या अहिराणीत म्हणालो, "सर, मनी वही घर राही गयी." वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी अर्धा तास ओणवं उभं केलं. वही विसरलो म्हणून नाही, 'माझी' ऐवजी 'मनी' म्हणालो म्हणून. टीप मात्र आजही तोंडपाठ आहे.

मेहरूणकर
आजींना नमस्कार. पण एका आजीवरून धोरण ठरत नाही. १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा काढा, कलम २६. शिक्षणाचा रोख मानवी हक्कांबद्दलचा आदर वाढवण्याकडे हवा, असं साफ लिहिलंय. लिहिणारे काय खुळे होते? आणि भाषेचं रडगाणं पुरे आता. बहिणाबाईंच्या अहिराणीचा मान म्हणून २०१८ ला अख्ख्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलंय.

यावलचा केळीवाला
थांबा. बहिणाबाईंची अहिराणी??? त्या आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, आमच्या लेवा समाजाची. जळगावात राहून एवढं माहीत नाही आणि निघाले शिक्षणावर बोलायला.

बागलाणी
झालं सुरू! 'अहिराणी' म्हटलं की यांना मिरची झोंबते. खान्देशची बोली म्हणजे अहिराणी, हे पोरालाही विचारा.

यावलचा केळीवाला
तुमच्या पोराला विचारा. 'आहे' ला तुमचं 'शे' आमच्याकडे कोणी म्हणत नाही. तुमच्या बागलाणातल्या सटाण्याच्या चष्म्यातून रावेर-यावल बघू नका. दर वेळी आम्हाला तुमच्या पोत्यात भरायचं, आणि बोललं की आम्ही जातीयवादी!

बागलाणी
जातीचं नाव तुम्हीच काढलंत. मी काढलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

धडगावच्या बाई
तुमचं दोघांचं आटपलं असेल तर बोलू? माझ्या पहिलीत एकाही मुलाच्या घरी मराठी नाही. सगळी पावरी बोलतात. चित्रातला बैल दाखवला की पोरगं त्याच्या बोलीतला शब्द सांगतं. बरोबरच सांगतं. मी तिथे चूक कशी लिहू? आणि तुम्ही 'शे' की 'हाये' वर रक्त आटवताय. आमच्या पोरांना तुमचे दोन्ही शब्द परकेच.

आता माझं दुखणं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ : गुरुजींना दुसरी कामं देऊ नका, फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून. त्या 'सोडून' मध्येच माझं अर्धं वर्ष जातं. मतदार यादी घेऊन पाड्यापाड्यांवर फिरते, वर्ग कुलपात. लोकशाही रुजवायला मला नेमलं आणि लोकशाहीसाठीच वर्गातून उचललं.

मेहरूणकर
बाईंचा मुद्दा रास्त आहे, पण तो प्रशासनाचा दोष, शिक्षणाचा नव्हे. साने गुरुजी विसरलात का? १९२४ ते १९३० अमळनेरला शिकवलं, छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं स्वतः आवरली. पुढे १९४७ ला पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले. हे शिक्षण नाही तर काय?

जुनं धुळं
एक गुरुजी सापडले, त्यांच्यावर किती पिढ्या भागवणार? २०१३ च्या जानेवारीत इथे धुळ्यात कर्फ्यू लागला तेव्हा अफवांचे मेसेज आमच्या गल्लीत कोण वाटत होतं? दोन इंजिनिअर आणि एक प्राध्यापक. आणि समोरच्या दुसऱ्या धर्माच्या म्हातारीला दूध कोणी पोचवलं? चौथी नापास गवळ्यानं, मागच्या बोळातून. प्राध्यापक हल्ली सामाजिक सलोख्यावर व्याख्यानं देतात.

मेहरूणकर
मग शाळा बंद करायच्या का? म्हशी पाळू सगळे?

धडगावच्या बाई
शाळा बंद करा असं कोणी म्हटलंय? ती आतून कशी चालते ते बघा म्हणतोय. २०२० पासून संविधानाची उद्देशिका वाचून घेतो आम्ही परिपाठाला. 'विचार, अभिव्यक्ती' एका सुरात म्हणतात पोरं, आणि नंतर लघवीला जायची परवानगी मागायला घाबरतात. हे माझ्याच वर्गातलं सांगतेय, दुसऱ्याच्या नाही.

मेहरूणकर
बरं बाबा, दहावी मागे घेतो. सातवीच राहू द्या. झाला आनंद? पण पालकांनी तरी काय केलं? शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानंच दिलीय, ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. लोकशाही दारात आणून ठेवली तरी कोणी फिरकत नाही. तापीकाठ, तुम्ही गेलात का कधी बैठकीला?

तापीकाठ
माझी बायको सदस्य आहे. ते आम्हाला शिपाई सही घ्यायला घरी आला तेव्हा कळलं. ठरावाचं रजिस्टर उघडलं, पान कोरं. खाली कोपऱ्यात पेन्सिलीची फुली. 'ताई, इथे करा, ठराव साहेब नंतर लिहितील.'

मेहरूणकर
आणि वहिनींनी केली?

तापीकाठ
राज्यशास्त्रात एम.ए. आहे ती. केली.