घड्याळ जुनं दिसावं म्हणून : बेझल, ल्यूम, डायल – सल्ला हवा

नवखा_काटा
नमस्कार मंडळी. घड्याळ रोलेक्स सबमरीनर १६६१०, बेझलमध्ये (काचेभोवतीच्या कड्यात) काळं ॲल्युमिनियम इन्सर्ट, म्हणजे आकड्यांची पातळ चकती, डायलवर ६ च्या खाली 'स्विस मेड'. साठच्या दशकातल्या डायव्हर (पाणबुड्यांच्या) घड्याळासारखा उतरलेला रंग हवाय. विकायचं नाहीये. चार प्रश्न :
१. इन्सर्ट ब्लीचमध्ये बुडवून राखाडी करायचं तर प्रमाण आणि वेळ किती?
२. ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) चहा-कॉफीच्या पाण्यानं पिवळसर होईल का?
३. डायल ओव्हनमध्ये तापवून तपकिरी करता येते असं वाचलंय. तापमान किती ठेवायचं?
४. केसवर (घड्याळाच्या धातूच्या कवचावर) मुद्दाम ओरखडे पाडावेत का?
पट्टा आणि बॅटरी बदलण्यापलीकडे हाताला सवय नाही.

लंबक
क्रमानं सांगतो. पहिलं करा, पण सुट्या विकत घेतलेल्या इन्सर्टवर. दुसरं आणि तिसरं करू नका. चौथं तर मुळीच नको.

'स्विस मेड' म्हणजे तुमचं ल्यूम सुपर-ल्युमिनोव्हा. ट्रिटियमच्या, म्हणजे जुन्या किरणोत्सारी ल्यूमच्या, डायलवर तिथे 'स्विस - टी<२५' असं छापलेलं असतं. आपल्याला आवडतो तो मलईसारखा रंग ट्रिटियमच्या जुन्या ल्यूमचा, त्यातला बाइंडर (पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि झिंक सल्फाइड वर्षानुवर्षं खराब होत गेल्यामुळे आलेला. सुपर-ल्युमिनोव्हात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं. ते तसं पिवळं पडत नाही, उलट पाणी लागलं की त्याचं विघटन होतं. म्हणजे चहाच्या पाण्यानं रंग धड येणार नाही आणि उजेड मात्र जाईल. शिवाय ओल डायलच्या लॅकरखाली शिरली की छपाई उचलली जाते.

ओव्हनचं थोडक्यात : तपकिरी झालेल्या जुन्या डायल त्या काळातल्या काही काळ्या लॅकरच्या दोषामुळे आणि ऊन-ओलाव्यामुळे तशा झाल्या. तुमच्या डायलच्या लॅकरमध्ये तो दोषच नाही. तापवलीत तर फोड येतील, ल्यूमला तडे जातील, रंग काळाच राहील.

भिंगवाला
लंबकरावांशी सहमत. इन्सर्टचं सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथेच आहे आणि घोळही तिथेच होतो.

आधी विकत घेतलेलं इन्सर्ट ॲनोडाइज्ड आहे का ते बघा. त्यात रंग ऑक्साइडच्या थरात मुरलेला असतो आणि आकडे म्हणजे धातूचाच रुपेरी भाग. स्वस्तातल्या इन्सर्टवर आकडे शाईनं छापलेले असतात, ब्लीचमध्ये पहिल्यांदा तेच जातात. नखानं आकड्याची कड जाणवली तर छापील समजा. सिरॅमिकवर हा प्रयोग शक्यच नाही, त्याचा रंग उतरत नाही.

१२ वरचा ल्यूमचा मोती, म्हणजे चमकणारा ठिपका, आधी काढा. मागून लाकडी काडीनं हलकं ढकलला की सुटतो. मग इन्सर्ट भांडी घासायच्या साबणानं धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि त्यानंतर फक्त कडेला धरा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर ब्लीच तिथे उशिरा लागतं आणि ठशाचाच डाग उमटतो.

ब्लीच ताजं घ्या, साधं, सुगंधी किंवा जेलवालं नको. साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असेल तर एक भाग ब्लीच, एक भाग पाणी. काचेचं पसरट भांडं, हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. इन्सर्ट नायलॉनच्या दोऱ्याला बांधून २० सेकंद बुडवा, सतत हलवत राहा. बाहेर काढा, वाहत्या पाण्यात धुवा, कोरडं करा आणि दिवसाच्या उजेडात बघा. परत २० सेकंद. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत काहीच होत नाही आणि माणूस कंटाळून दोन मिनिटं बुडवून ठेवतो. तिथेच सगळं बिघडतं. रंग एकदा सुटायला लागला की झपाट्यानं जातो, आणि तो गेला की ब्लीच ऑक्साइडचा थर खाऊन धातूला खड्डे पाडायला लागतं.

काळा रंग सरळ राखाडी होईलच असं नाही. थरातल्या रंगद्रव्यावर अवलंबून मध्ये जांभळट किंवा तपकिरी छटा येते. ओलं असताना रंग गडद दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी वाळवून बघायचं. हवी त्यापेक्षा एक पायरी गडद असतानाच थांबा.

थांबवताना भरपूर पाणी, मग फोटोग्राफीतला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अर्धा लिटर पाण्यात एक चमचा, त्यात पाच मिनिटं, पुन्हा पाणी. व्हिनेगर किंवा लिंबू टाकून ब्लीच मारायला जाऊ नका, क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेला काच-क्लीनरही जवळ नको. पूर्ण वाळल्याशिवाय बेझलमध्ये बसवू नका. उरलेला क्लोराइड स्टीलला बारीक छिद्रं पाडतो.

नवखा_काटा
भिंगवाले, मनःपूर्वक आभार. आत्ताचं इन्सर्ट बेझलमधून काढायचं कसं? पातळ पात्यानं वरून उचकटू?

भिंगवाला
वरून अजिबात नको. वाकलेलं ॲल्युमिनियम परत सपाट होत नाही आणि काठावरचा रंगही उडतो. आधी अख्खं बेझल केसवरून काढायचं : लगांना (पट्टा जिथे बसतो त्या केसच्या शिंगांना) आणि केसला टेप लावा, बेझल काढायचं हत्यार चारही बाजूंनी थोडं थोडं कसत न्या. मग बेझल उलटं करून इन्सर्ट आतून गोलाकार, समान दाबानं ढकला. बसवताना १२ ची खूण आधी जुळवा आणि सपाट चकती ठेवून प्रेसमध्ये दाबा. अंगठ्यानं दाबलं तर एक बाजू आधी बसते आणि दुसरी फुगते.

तबकडी
ल्यूमचा पर्याय राहिला. मूळ डायल आणि काटे काढून डबीत ठेवा, दुसऱ्या कंपनीची डायल आणि काट्यांचा संच घ्या आणि त्यावर ल्यूम नव्यानं भरा. सुपर-ल्युमिनोव्हात 'ओल्ड रेडियम' नावाची छटाच मिळते. अंदाजे समान आकारमानाची पूड आणि बाइंडर काचेवर मिसळा, एकतारी पाकाइतकं दाट ठेवा. बाइंडर जास्त झाला तर ल्यूम काचेसारखं चकाकतं आणि उजेड कमी देतं. कमी झाला तर वाळल्यावर भुसा होतो, आणि तो भुसा मूव्हमेंटमध्ये, म्हणजे आतल्या यंत्रात, जातो. पोकळ काटे मागच्या बाजूनं भरायचे, एका दमात, थेंब टोकाकडून ओढत. मध्ये थांबलात की सांधा दिसतो. २४ तास झाकून वाळवा.

महत्त्वाचं म्हणजे काटे आणि डायल एकाच मिश्रणातून, एकाच बैठकीत भरा. दुसऱ्यांदा कालवलेली छटा जुळत नाही. आणि मोती विसरू नका. राखाडी बेझल, मलईदार डायल आणि १२ वर पांढराफटक नवा मोती असला की जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

एक सूचना : जुनी, खरी रेडियमची डायल कुणी स्वस्तात दिली तरी उघडू नका, खरवडू नका. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. चमक गेली तरी धूळ तितकीच घातक असते.

कांस्यपदक
धाग्याला जोडूनच विचारते. केस ब्राँझची असेल तर उकडलेल्या अंड्यानं तिला जुना रंग आणायची युक्ती चालते का?

लंबक
चालते. मूव्हमेंट, डायल, काटे, गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) सगळं बाहेर काढून फक्त रिकामी केस घ्यायची, कारण गंधकाचा वायू चांदीच्या मुलाम्याच्या डायलला काळं करतो. दोन अंडी कडक उकडा, गरम असतानाच पिवळ्यासकट कुस्करा आणि झाकणाच्या डब्यात केसच्या शेजारी ठेवा. चिकटू देऊ नका. दर अर्ध्या तासानं बघा. कथिल असलेल्या ब्राँझवर तपकिरी रंग लवकर चढतो, ॲल्युमिनियम ब्राँझ खूप वेळ घेतं. हिरवट हवं म्हणून अमोनियाची वाफ देतात, मला ते पटत नाही. तो थर भुसभुशीत राहतो आणि मनगटाला लागतो. रंग आवडला नाही तर लिंबाच्या रसानं बराचसा निघतो.

तबकडी
ओरखड्यांबद्दल माझंही मत लंबकरावांसारखंच. केसवरून गेलेला धातू भरायचा तर लेझर वेल्डिंग हाच मार्ग. फार तर लगांची वरची बाजू करड्या स्कॉच-ब्राइट घासणीनं एकाच दिशेनं, सरळ पट्टीच्या आधारानं ब्रश करा, बाजूच्या चकचकीत भागाला टेप लावून. हात गोलाकार फिरला की कडा गोल होतात आणि जुनं नाही, झिजवलेलं दिसतं.

पंचनामा
कामाच्या तांत्रिक बाजूत मी पडत नाही, पण दोन गोष्टी. कंपनीचं सर्व्हिस सेंटर दुसऱ्या कंपनीचे भाग दिसले की ते बदलायला लावतं, नाहीतर घड्याळ हातातच घेत नाही. दुसरं, जानेवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय सर्वोच्च न्यायालयानं मालकाच्या सांगण्यावरून, त्याच्या स्वतःच्या वापरासाठी केलेला बदल ट्रेडमार्कच्या भंगात धरला नाही. असे बदललेले रोलेक्स ब्रँडच्या नावानं, परवानगीशिवाय बाजारात विकणं हा मात्र ट्रेडमार्कचा भंग. आज विकायचं नाही म्हणता, उद्या विकलंत तर काय काय बदललंय ते लेखी द्या. घरी ब्लीच केलेलं इन्सर्ट 'उन्हानं उतरलेलं' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

नवखा_काटा
पटलं. आधी फक्त इन्सर्ट करतो, डायल-काटे घड्याळजीकडून बदलून घेईन. मूळ भाग ठेवायचे कसे?

भिंगवाला
डायल झाकणाच्या प्लास्टिक डबीत, पाय खाली येतील अशी, वरचा भाग कशालाही न टेकता. काटे वेगळ्या डबीत. सोबत सिलिका जेलची पुडी, डबीवर घड्याळाचा सिरियल क्रमांक आणि तारीख. रबर बँड आणि फोम नको, दोन्हींतून निघणारी वाफ लॅकरवर बसते. घड्याळजीला मागच्या झाकणाचं आणि चावीचं गॅस्केट बदलायला सांगा आणि काम झाल्यावर कोरडी प्रेशर टेस्ट मागून घ्या. ती पास होईपर्यंत घड्याळ घालून नळाखाली हातसुद्धा धुऊ नका.