सॉर्बेची वीट होते: साखरेचं प्रमाण काय? (मशीनशिवाय)

कैरीची_फोड:
सुट्टीत मुलांसाठी दूध-साय न घालता फळांचं सॉर्बे करायचं आहे. आइस्क्रीम मशीन नाही, साधा फ्रीज आणि मिक्सर आहे. हापूसचा रस थोडी साखर घालून फ्रीझरमध्ये ठेवला की चमचा रुतत नाही. कलिंगडाचे तर नुसते बर्फाचे खडे. साखर किती घालायची? पाक करायचा की पिठीसाखर चालेल? घरी अमृत कोकमची बाटली आहे, त्याचं होईल का? सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यांच्यासाठी काही निघालं तर उत्तमच.

पाटा_वरवंटा:
साखर कमी पडतेय. पाणी गोठू लागलं की साखर उरलेल्या पाण्यात दाटत जाते आणि तो दाट पाक उणे १८ अंशांतही पूर्ण गोठत नाही. बर्फाचे कण सुटे राहतात ते त्याच्यामुळे. फळातली धरून एकूण साखर मिश्रणाच्या वजनाच्या २५ ते ३० टक्के हवी. २० च्या खाली वीट, ३५ च्या वर रात्रभर ठेवूनही लगदा.

हापूस: गर ५०० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, पाणी १३० मिली, लिंबाचा रस २ चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. पिकलेल्या हापूसमध्ये साधारण १८ टक्के साखर असते, म्हणजे ९० अधिक १२०, साडेसातशे ग्रॅममध्ये २१० ग्रॅम. पायरी घेतलात तर गर गाळा, रेषा दाताखाली येतात. डब्यातला पल्प बहुतेक वेळा आधीच गोड केलेला असतो. लेबलवर १०० ग्रॅमला साखर किती ते बघून हाच हिशेब करा.

कलिंगडात साखर जेमतेम ८-९ टक्के, बाकी पाणीच. म्हणून वरून पाणी शून्य. गाळलेला रस ८०० मिली, साखर २०० ग्रॅम, एका मोठ्या लिंबाचा रस. साखर वाटीभर रसात कोमट करून विरघळवा आणि गार झाल्यावर उरलेल्या रसात मिसळा. सगळा रस उकळलात तर दुधीभोपळ्यासारखा वास येतो.

बाजारच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, जिभेला पिठूळ लागतं. साधी साखर पाण्यात विरघळेपर्यंतच गरम करा. तार येऊ द्यायची नाही, पाणी आटलं की प्रमाण बिघडतं. आणि मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे, गारव्यात गोडी कमी लागते.

खडेमीठ:
प्रमाण बरोबर आहे, पण ते डब्यात ओतून ठेवू नका. मिश्रण आधी दोन-तीन तास फ्रीजमध्ये गार करा, मग बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ६-७ तास फ्रीझरमध्ये. खडे बाहेर काढून ५ मिनिटं थांबा आणि अर्धंच भांडं भरून पल्सवर फिरवा. सलग फिरवलं तर पातं खड्यांत अडकतं आणि मोटर बंद पडते (मग मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं ते दाबायचं, दुरुस्तीवाल्याकडे धावू नका). आधी चुरा होईल, मग कडा खरवडून परत फिरवलं की एकदम मऊ गोळा जमतो. तिथेच थांबायचं, पुढे पात्याच्या उष्णतेने वितळतं. गार केलेल्या पसरट स्टीलच्या डब्यात भरा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवा, आणखी २ तास ठेवा.

कलिंगडात आंब्यासारखा गर नसल्याने ते खरखरीतच होतं. ५० ग्रॅम साखरेऐवजी तेवढंच लिक्विड ग्लुकोज घाला (केकचं सामान मिळतं तिथे असतं), किंवा किलोला २ ग्रॅम सीएमसी पावडर (मिश्रणाला दाटपणा देणारी). ती कोरड्या साखरेत मिसळूनच घाला, नाहीतर गुठळ्या फुटत नाहीत. दुकानदार सोबत जीएमएस (स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारी पावडर) गळ्यात मारेल. ते स्निग्ध पदार्थाच्या आइस्क्रीमला लागतं, इथे उपयोग शून्य.

कैरीची_फोड:
ग्रॅमचा काटा नसेल तर साखर कशी तपासायची? कोकमचं राहिलंच.

पाटा_वरवंटा:
ताजं अंडं कवचासकट धुऊन पुसून गाळलेल्या मिश्रणात सोडा. रुपयाच्या नाण्याएवढा भाग वर दिसला की झालं. बुडालं तर साखर वाढवा, जास्त वर आलं तर पाणी. दाट आंब्याच्या गरात ही युक्ती फसते, गर अंड्याला तसाच उचलून धरतो.

अमृत कोकम मुळातच पाक आहे. सरबताला चार-पाच पट पाणी घालतो, इथे १ वाटीला २ वाट्याच. जिरेपूड नखभर. गर नसल्याने हे मिक्सरला न लावता थाळीत गोठवा आणि दर पाऊण तासाने काट्याने खरवडा, गोळ्याच्या बर्फासारखं भुरभुरीत मोकळं होईल. आगळ (कोकमचा मीठ घातलेला, बिनसाखरेचा रस) मात्र नको. त्यात इतकं मीठ असतं की गोठणं दूर, खाववतही नाही.

डायबेटिसवाल्यांसाठी शुगर-फ्रीच्या गोळ्यांनी गोडी येईल, मऊपणा येणार नाही. गोळी जेमतेम चिमूटभर, ती पाण्याचं गोठणं रोखत नाही. बिनसाखरेचा जांभळाचा रस थाळीत खरवडून द्या, जांभळातली साखर मात्र पथ्यात धरा.

खडेमीठ:
फ्रीझरचं दार सारखं उघडलं की वितळून पुन्हा गोठताना कण मोठे होतात. आठवड्याच्या आत संपवा, आणि खरखरीत झालंच तर खडे पाडून परत एकदा मिक्सरला लावा.