आईची मायट्रल झडप: मेकॅनिकल घ्यावी की टिश्यू?

प्रश्न (कोथरूड)
माझ्या आईचे वय 52 आहे. लहानपणच्या सांधेतापाने तिच्या हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाली आणि 2009 मध्ये फुग्याने ती रुंद करून घेतली होती. आता एक जिना चढला तरी दम लागतो, रात्री तीन उशा लागतात. झडपेत कॅल्शियम साठल्याने पुन्हा फुगा घालता येणार नाही, झडपच बदलावी लागेल, असे डॉक्टर म्हणतात. आईचे म्हणणे, "एकदाच काय ते करा." अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (सदाशिव पेठ)
मी 2014 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम पदार्थांची झडप बसवून घेतली. ती तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली, 1990 पासून वापरात असलेली झडप आहे. पहिले काही महिने रात्री निजानीज झाल्यावर छातीतली टिकटिक ऐकू येई. आता ती थांबली तरच दचकेन. मात्र ही झडप घेतली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) साधारण 2.5 ते 3.5 मध्ये राखावा लागतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक आकडा लिहिलेला आहे. पालेभाजीने गोळीचा परिणाम कमी होतो; म्हणून ती बंद करू नये, पण आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी वाडगाभर अळूची भाजी, असेही करू नये.

उत्तर (भोर)
आमच्या सासूबाईंना 66 व्या वर्षी टिश्यू, म्हणजे प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली झडप बसवली, कारण गावाहून रक्त तपासायला जायचे म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. ही झडप साधारण 10 ते 15 वर्षे टिकते आणि वय जितके कमी तितकी लवकर झिजते, त्यामुळे 52 व्या वर्षी पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार आजच करावा लागेल. आणखी एक महत्त्वाचे: आईंचे ठोके अनियमित असतील, तर टिश्यू बसवूनही गोळी सुटणार नाही. ईसीजी पाहून हे आधी विचारा.

उत्तर (हडपसर)
दातांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच उरकून घ्या, कारण दातांतला जंतुसंसर्ग नव्या झडपेवर बसू शकतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आईच्या ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे तेच अनियमित ठोके, लिहिलेले आहे आणि गोळी तिला दोन वर्षांपासून चालूच आहे, हे मी आज प्रथमच नीट पाहिले. शेवटचा आयएनआर चार महिन्यांपूर्वीचा, 1.6 आहे. आत्ताच डॉक्टरांना फोन करून तो कळवला. उद्या सकाळी तिला तपासणीला घेऊन जात आहे.