मदत हवी आहे: रोटेशन संपतंय, टेस्ट अर्धवट राहतेय, काय करू?

निळीशाई
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय कारण फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. मी एका मोठ्या रिटेल कंपनीत सायन्स अप्रेंटिस आहे, रोटेशनवालं आहे म्हणजे दर काही महिन्यांनी डिपार्टमेंट बदलतं. आत्ता कुठे हात बसायला लागला होता आणि नेमकं आत्ताच हलवतायत. माझं काम मध्यावर आहे आणि ते आता दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जाणार. मला इथेच राहायचंय. रोटेशन पुढे ढकलून मिळतं का? कुणी मागितलंय का असं? मॅनेजरला सरळ विचारलं तर उलटा अर्थ घेतील का? प्लीज लवकर सांगा.

डोंगरवाट
कुठल्या डिपार्टमेंटमधून कुठे चाललीयेस? एकूण अप्रेंटिसशिप केवढी, त्यातली किती उरलीये? फॉर्म कसला, पसंतीचा की नुसता सही करून द्यायचा? आणि रिटेल कंपनीत सायन्सचं काय काम असतं, दुकानात उभं करतात का? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस, मग कोण काय सांगणार.

निळीशाई
अहो लॅब, अजून काय. कंपनीचा स्वतःचा ब्रँड असतो ना, क्रीम, शाम्पू, सनस्क्रीन वगैरे, ते सगळं तपासायला लॅब लागतेच. मी मायक्रोबायॉलॉजीत आहे, पुढे पॅकेजिंगला टाकलंय. फॉर्मवर 'टिप्पणी' असा एक छोटा चौकोन आहे तेवढाच. दुकानातला आठवडा सुरुवातीलाच झाला, तो सगळ्यांनाच असतो.

यशाची_पायरी
अप्रेंटिसशिप मिळवायची असेल तर आधी कंपनीच्या साईटवर त्यांची प्रॉडक्ट बघून घ्या. इंटरव्ह्यूत 'हेच क्षेत्र का' हे हमखास विचारतात. शाळा-कॉलेजातलं एखादं प्रॅक्टिकल नीट सांगता आलं पाहिजे, काय केलं, काय बिघडलं, मग काय बदललं. आणि गटचर्चेत शेवटपर्यंत गप्प बसू नका. शुभेच्छा!

डोंगरवाट
@यशाची_पायरी तिला मिळालीये हो अप्रेंटिसशिप, ती आतच आहे.

कॉलम_सी१८
माझं स्पष्ट मत, मायक्रो आणि पॅकेजिंग दोन्ही सोड आणि अॅनालिटिकल माग. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, हातात आलं की जन्मभर पोटापाण्याची चिंता नाही. मी स्वतः रोटेशनमधूनच आलोय, बाकीच्या टीमांमधलं आज काही वापरत नाही पण त्या मशीनचे आलेख, क्रोमॅटोग्राम, रोज वाचतो. सनस्क्रीनमधले फिल्टर लेबलवर लिहिलेत तेवढेच आहेत का, प्रिझर्व्हेटिव्ह ठरल्याइतकं पडलंय का, हे सगळं शेवटी आमच्याच मशीनवर ठरतं. फक्त एक, बफर म्हणजे क्षारांचं द्रावण वापरलंस तर कॉलम, म्हणजे मशीनमधली नळी, आधी पाण्याने धू आणि मगच ऑरगॅनिक सॉल्व्हंटवर ठेव, नाहीतर मीठ आत बसतं आणि प्रेशर चढत जातं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.

बॅचनंबर
@कॉलम_सी१८ दादा, ती मायक्रोतून हलू का असं विचारतेय, तुम्ही तिसरीकडेच घेऊन चाललात. आणि 'बाकीचं वापरत नाही' हे मला अजिबात पटत नाही. मी कंप्लेंट डेस्कवर आहे. ग्राहकाची बाटली परत येते, सोबत चिठ्ठी, 'पाणी सुटलं, वास येतोय'. आधी बॅच नंबर बघायचा, मग त्याच बॅचचं ठेवणीतलं सॅम्पल काढून शेजारी ठेवायचं. ठेवणीतलं चांगलं आणि आलेलं फाटलेलं असेल तर बाटली उन्हात राहिली का, झाकण नीट बसत होतं का, पंपात हवा जाते का, हे शोधायचं. इथे फॉर्म्युलेशन, मायक्रो, पॅकेजिंग तिन्ही ठिकाणचं डोक्यात असावं लागतं. एकाच मशीनपाशी बसलेल्या माणसाला ही बाटली वाचता येत नाही.

कॉलम_सी१८
वाचता येत नाही म्हणून शेवटी सॅम्पल आमच्याकडेच पाठवता ना?

बॅचनंबर
पाठवतो, पण काय शोधायचं हे लिहून पाठवतो.

सावलीतली
जरा बाजूचं विचारते, लॅबमध्ये दिवसभर उभं राहून पाय आणि कंबर भरून येते, तुम्ही काय करता? बंद आणि न घसरणारे बूट घालतेच पण तरी.

जुनाबाक
@निळीशाई, 'काम मध्यावर' म्हणजे नक्की काय ते सांग. नेहमीचं सॅम्पल तपासणं चालू आहे की काही ठरावीक दिवसांची टेस्ट लावलीयेस? उत्तर यावर अवलंबून आहे. मी मायक्रोत बरीच वर्षं काढलीत आणि अप्रेंटिस मुलांचं सुपरव्हिजनही केलंय, म्हणून विचारतोय.

निळीशाई
काका, चॅलेंज टेस्ट आहे, म्हणजे क्रीममध्ये मुद्दाम जंतू घालून ते मरतात का ते बघायचं. पॅराबेन (नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेली एक नवीन क्रीम आहे, तिचं प्रिझर्व्हेटिव्ह टिकतं का ते बघायचंय. सगळे पाच सूक्ष्मजीव मी स्वतः वाढवले, सॅम्पलमध्ये घातले, सातव्या आणि चौदाव्या दिवसाची मोजणी मीच केली, आणि अठ्ठाविसावा दिवस पॅकेजिंगला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात येतो. न्यूट्रलायझर, म्हणजे मोजणीच्या वेळी प्रिझर्व्हेटिव्हचा परिणाम थांबवणारं द्रव्य, चालतो का याची तपासणीसुद्धा मीच केली होती. बॅक्टेरिया सातव्या दिवशीच झपकन उतरले, कॅन्डिडा हे यीस्टही गेलं, पण अॅस्परजिलस ही बुरशी अजून अडून बसलीये. प्लेटवर आधी पांढरी लव येते आणि मग मधूनच काळे ठिपके पडायला लागतात, रोज बघते मी. शेवटी काय होतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. एवढं सगळं केल्यावर रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव आणि मी कुठेच नाही, हे सहन होत नाहीये.

जुनाबाक
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस, बाळा. आता ऐक.

आयएसओ 11930, म्हणजे या टेस्टचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यानुसार चालला असाल तर 'अ' निकषात बुरशीचा आकडा चौदाव्या दिवशी नुसता वाढलेला नसावा एवढीच अट आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र निदान एक लॉग उतरलेला लागतो, म्हणजे दहातली नऊ गेलेली हवीत. बॅक्टेरियाला सातव्याच दिवशी तीन लॉग मागतात, म्हणून ते लवकर 'गेले' असं वाटतं. बुरशी चौदाव्या दिवशी अडून बसलेली दिसणं यात वावगं काही नाही, खरा निकाल अठ्ठाविसाव्यालाच. त्यामुळे तुला तो दिवस बघायचाय हे बरोबरच आहे, त्यात हट्ट कसला.

पण त्यासाठी अख्खं रोटेशन पुढे ढकलायची गरज नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सॅम्पल घेऊन प्लेट टाकायला अर्धा दिवस आणि प्लेट उगवल्यावर मोजायला तास-दोन तास, एवढंच माग. लक्षात ठेव, निकाल त्याच दिवशी येत नाही, बुरशीच्या प्लेट वीस ते पंचवीस अंशांवर आणखी काही दिवस ठेवाव्या लागतात. दोन्ही तारखा लिहूनच माग म्हणजे पॅकेजिंगवाल्यांनाही आधीच कळेल.

अक्षरशत्रू
आणि नावाचं म्हणाल तर ज्यानं ज्या दिवशी काम केलं त्याचीच सही त्या पानावर असते. तुमच्या सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या नोंदींवर तुमची सही आणि तारीख आहे ना? मग ती कुणी पुसू शकत नाही. जीएमपीत, म्हणजे उत्पादनाच्या दर्जाच्या नियमांत, खोडरबरच नसतं, चुकलं तरी एक रेघ मारून बाजूला सही-तारीख आणि कारण. पोर्टफोलिओत तेवढी पानं सुपरव्हायझरकडून साक्षांकित करून घ्या. आणि निघायच्या आधी हस्तांतराची नोंद लिहा, कुठल्या प्लेट कुठल्या इनक्युबेटरमध्ये, सॅम्पल किती पातळ केल्यावर मोजता येण्याजोग्या कॉलनी (जंतूंचे ठिपके) मिळाल्या, अॅस्परजिलसच्या प्लेट उशीर झाला तर एकमेकांत पसरतात म्हणून केव्हा बघायच्या, सगळं.

कॉलम_सी१८
तरी मी म्हणतो लॅब सोडू नये. पॅकेजिंग म्हणजे झाकण फिरवायला किती जोर लागतो (टॉर्क) ते बघायचं आणि खोके आपटून बघायचे. सायन्सच्या मुलीला तिथे काय मिळणार.

डबीवाला
आता मला बोललंच पाहिजे. पॅकेजिंग टेक्नॉलॉजिस्ट आहे मी. @कॉलम_सी१८ यांना विचारतो, तोंड उघड्या डबीतली क्रीम आणि बंद पंपातली क्रीम, प्रिझर्व्हेटिव्हवर ताण कुठे जास्त? डबीत रोज बोट जातं, प्रत्येक वेळी नवे जीव आत. काही प्लॅस्टिक आणि रबर प्रिझर्व्हेटिव्ह शोषून घेतात, म्हणजे क्रीम काचेत पास आणि विकायच्या बाटलीत काही महिन्यांनी नापास, असं होऊ शकतं. स्टॅबिलिटीला, म्हणजे माल किती टिकतो हे बघायला, चाळीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या बाटल्या काढल्या की आम्ही आधी वजन बघतो, पाणी उडालं की नाही ते कळतं. पाणी उडालं की क्रीमचं सगळं गणितच बदलतं. निळीशाई, तुमची क्रीम कशात भरणार आहेत ते विचारलंत का मायक्रोमध्ये असताना?

निळीशाई
नाही, आम्हाला सॅम्पल प्लेन बरणीत येतं. कशात विकणार ते माहीत नाही.

डबीवाला
मग पॅकेजिंगला गेल्यावर पहिलं तेच शोधा. तुमचीच क्रीम, तुम्हाला तिची बुरशी माहीत आहे, आता तिची बाटली बघा. असा धागा पकडून दोन टीममध्ये काम केलेला अप्रेंटिस मी फार कमी पाहिलाय आणि तो पोर्टफोलिओत उठून दिसतो.

बॅचनंबर
+१. आणि ती बाटली पुढेमागे कंप्लेंट होऊन आली की माझ्याकडे या!

पीएच_साडेपाच
पॅराबेन नाही म्हणजे सोडियम बेंझोएट वगैरे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह असेल. पीएच किती आहे क्रीमचा? पाच-साडेपाचच्या वर गेला तर बेंझोएटचा जोर फारच उतरतो, बुरशी अडलीये ती यामुळेही असेल. आधी पीएच मोजा. आणि पीएच मीटरचा इलेक्ट्रोड काम झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा म्हणजे स्वच्छ राहतो.

कॉलम_सी१८
डिस्टिल्ड वॉटरमध्ये अजिबात नको!! तीन मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये ठेवायचा, नाहीतर आतले आयन बाहेर झिरपतात आणि रीडिंग डुलायला लागतं.

पीएच_साडेपाच
आमच्याकडे आधीपासून पाण्यातच ठेवतात, काही झालं नाही.

अक्षरशत्रू
रीडिंग स्थिर व्हायला किती वेळ लागतो तेही सांगा मग. कॉलम_सी१८ बरोबर आहेत इथे.

निळीशाई
पीएच आणि प्रिझर्व्हेटिव्ह मी इथे सांगू शकत नाही, कंपनीचं आहे. पण पीएचचा मुद्दा मेंटॉरला विचारते.

जुनाबाक
बरोबर, फॉर्म्युला इथे टाकू नकोस. आता त्या 'टिप्पणी'च्या चौकोनात हे लिही, जसंच्या तसं चालेल: "माझी चॅलेंज टेस्ट चालू असून अठ्ठाविसाव्या दिवसाचं सॅम्पलिंग आणि त्यानंतरची मोजणी पुढच्या रोटेशनमध्ये येते. या दोन कामांसाठी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये येण्याची परवानगी मिळावी. पॅकेजिंगमधल्या कामाचं नियोजन त्यानुसार आधीच करून घेईन." 'मला जायचं नाही' असा सूर कुठेही येऊ देऊ नकोस. फॉर्म द्यायच्या आधी दोन्ही मॅनेजरांना प्रत्यक्ष भेट, आणि पॅकेजिंगच्या मॅनेजरांना आधी, कारण वेळ त्यांचा जाणार आहे.

सावलीतली
हे छान लिहिलंत काका. माझ्या पायांचं कुणीच सांगितलं नाही.

डोंगरवाट
@सावलीतली जाड रबरी मॅट मागा बेंचसमोर, आमच्याकडे सुपरव्हायझरला सांगितल्यावर आणून दिली. आणि बसून होण्यासारखं काम, म्हणजे मोजणी आणि नोंदी, दिवसभरात मधेमधे वाटून घ्या, सगळं शेवटी ठेवू नका.

निळीशाई
अपडेट: पॅकेजिंगच्या मॅनेजरांना भेटले. 'मोजणीला जा, पण येताना तुमच्या लॅबला सांग की आमची बाटली तपासायला घ्या' असं म्हणाल्या. म्हणजे क्रीम कुठल्या बाटलीत भरणार तेही कळलं, पंपवाली आहे. मायक्रोच्या मॅनेजरांनी सॅम्पलिंगला होकार दिलाय पण म्हणाले की रिपोर्टवर सही त्या वेळी लॅबमध्ये असेल त्याचीच राहील, माझं नाव 'टेस्ट केली' मध्ये दिवसांप्रमाणे येईल. चालेल मला. काका, अक्षरशत्रू, डबीवाला, खूप खूप आभार, फॉर्म आज देतेय.

एक राहिलं, पंपवाल्या बाटलीतून चॅलेंज टेस्ट करायची तर जीव आत घालायचे कसे, पंप काढून की पंपातूनच? डबीवाला सांगाल का?

डबीवाला
पंप काढून क्रीममध्ये घालायचे, नीट मिसळायचे, मग पंप बसवायचा. पण हवा आत न घेणारा पंप असेल तर उघडल्यावर तो पुन्हा तसाच बसत नाही. कुठल्या प्रकारचा आहे? आतली पिशवी आकसते तो, की तळातून चकती वर सरकते तो?