डॉग बॉक्समध्ये क्लच न दाबता गिअर टाकले तर वाट लागते का?

ट्रॅक कारमध्ये सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या रिंगा) काढून डॉग रिंगचा, म्हणजे जाड दात थेट एकमेकांत अडकणारा गिअरबॉक्स बसवलाय. सगळे म्हणतात क्लच फक्त गाडी हलवताना लागतो, पण मी भीतीने प्रत्येक वेळी दाबतो आणि हळूच गिअर सरकवतो, तर कर्रर्र आवाज येतो. माझं काय चुकतंय?

गिअरवेडा: हळूच सरकवतोस तेच चुकतंय! डॉगचे दात मोजकेच पण जाड असतात, मधे मोठ्या फटी. दांडा दबकत ढकललास की दात एकमेकांच्या टोकांवर घासत बसतात, कडा गोल होतात आणि मग ॲक्सिलरेटर दाबला की गिअर आपोआप बाहेर उडी मारतो. वरच्या गिअरला जाताना दांड्यावर आधीच थोडा जोर धरून ठेव, ॲक्सिलरेटर क्षणभर सोड, दातांवरचा ताण गेला की खटकन मार. बाइकवाले हेच करतात की, त्यांचा बॉक्स डॉगचाच असतो.

तेलकट_हात: +१, आणि क्विकशिफ्टर (क्लचशिवाय गिअर बदलू देणारं बाइकवरचं उपकरण) वेगळं काही करत नाही, इग्निशन काही मिलिसेकंद तोडतो बस. पण खालच्या गिअरला येताना गडबड करू नका, तिथे इंजिनचा वेग वाढवायलाच लागतो, ब्लिप (ॲक्सिलरेटरला क्षणभर झटका) नीट जमत नसेल तर मी तरी क्लच दाबतो, लाज कसली त्यात.

प्रश्नकर्ता: काल खटकन मारून बघितलं, वर जाताना कर्रर्र बंद! तेल काढलं तर ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बारीक चुरा होता पण.

गिअरवेडा: पिठासारखा असेल तर चालतं. टोकदार तुकडे दिसले तर बॉक्स उघड.