आशांना सर्पदंशाचे प्रथमोपचार एका दिवसात कसे शिकवू?

मी जव्हारकडची गटप्रवर्तक. पावसाळा तोंडावर आलाय. गेल्या साली एका पाड्यावर पोराच्या पोटरीला सुतळी इतकी आवळलेली होती, की सोडवताना कातडीत रुतलेली दिसली. माझ्या आशांच्या हातून असं व्हायला नको.

उपकेंद्रातली नर्स: ताई, आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, हे आधी. मग प्रत्येकीकडून करून घ्या: पायाच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, आत बोट जाईल इतक्या सैल. पैंजण, जोडवी लगेच उतरवा. सूज चढली की निघत नाहीत. पेशंटला चालवू नका, १०८ लावा.

१०८ वरचा डॉक्टर: मण्यार विसरू नका. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, ठणका नाही. पहाटे पोटात कळा, मग पापण्या मिटायला लागतात. घरचे ओवा देत बसतात आणि वेळ जातो. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहायचं, तेही शिकवा.

प्रश्नकर्ती: पापण्यांचं मलाही नव्हतं माहीत. आता भगतालाही बोलावते. लोक आधी त्याच्याच दारात जातात. कामट्या आजच तासायला सांगितल्यात.