मदत हवी आहे: ४२ फुटी स्पोर्ट पॅटर्नवर (लेनवरच्या तेलाची अवघड मांडणी) बॉल पॉकेटपर्यंत, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या फटीपर्यंत, पोचत नाही. लाइन बदलू, बॉल सोडायची पद्धत बदलू की बॉल?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात राहते. टेनपिन बोलिंगच्या लीगमध्ये खेळायला लागून हे चौथं वर्ष. पुण्यात असताना मॉलमध्ये दोनदा बॉल ढकलला होता, तेवढाच पूर्वानुभव. इथे मात्र खेळाने पुरतं वेड लावलंय. गेल्या सीझनला साध्या लीगमध्ये अ‍ॅव्हरेज १७४ पर्यंत गेलं, म्हणून यंदा हौसेने सोमवारच्या स्पोर्ट लीगमध्ये नाव घातलं. सहा आठवडे झाले, अ‍ॅव्हरेज १४३ वर आलंय. काय चुकतंय ते कळत नाहीये, जाणकारांनी कृपया मदत करावी.

ज्यांनी फक्त मजेखातर खेळलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. फाउल लाइनपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नाही ती रेषा) हेडपिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) लेन ६० फूट लांब आणि ३९ फळ्यांची असते. त्यातल्या फाउल लाइनकडच्या साधारण ४० फुटांवर यंत्राने तेलाचा थर देतात. साध्या लीगच्या हाउस शॉटमध्ये मधे भरपूर तेल आणि कडेला अगदी कमी. त्यामुळे बॉल जरा उजवीकडे सुटला तर कोरड्यावरून वळून परत यायचा, जरा डावीकडे सुटला तर मधलं तेल त्याला सरळ धरून ठेवायचं. दोन-तीन फळ्यांची चूक सहज खपून जायची. आमच्या सोमवारच्या पॅटर्नचा कागद भिंतीवर लावलेला असतो: लांबी ४२ फूट, तेल सुमारे २५ मिली, मधलं आणि कडेचं प्रमाण २.५ ला १. म्हणजे पाच चहाचे चमचे तेल, पण ते जवळजवळ सगळीकडे सारखं पसरलेलं. उजवीकडे गेलेला बॉल परत येतच नाही, १-२-४-१० नंबरच्या पिना (१ म्हणजे हेडपिन, १० म्हणजे मागच्या रांगेतली उजव्या कोपऱ्यातली) उभ्या राहतात. त्या भीतीने डावीकडे टाकला की थेट हेडपिनच्या नाकावर आणि ४-६-७-१० चा स्प्लिट, म्हणजे दोन्हीकडे दूर दूर उरलेल्या पिना.

माझी माहिती: उजव्या हाताने, १४ पौंडी बॉल. मॉनिटरवर स्पीड ताशी १५ मैलांच्या आसपास दिसतो, रिव्ह रेट (बॉलचे मिनिटाला फेरे) साधारण २५०. पाय २२ व्या फळीवर (फळ्या उजवीकडून मोजून), नजर लेनवर रंगवलेल्या दुसऱ्या बाणावर, बॉल सातव्या फळीपर्यंत बाहेर जाऊन वळावा असा प्रयत्न. बॉल एकच, चकचकीत पॉलिश केलेला पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह. तो उशिरा पकड घेऊन वळतो. स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलमध्ये पाडायला, प्लास्टिकचा वेगळा आहे.

सगळ्यात जास्त त्रास तिसऱ्या गेमला होतो. दुसऱ्या गेमपर्यंत जरा सूर सापडतो आणि तिसऱ्यात बॉल एकदम मेल्यासारखा लागतो. पॉकेटमध्ये लागूनही १० नंबर उभी. मागच्या सोमवारी असं सलग चार फ्रेम झालं. बॉल वळत नाहीये म्हणजे तेल पुढे वाहून गेलं असणार, असं समजून मी उजवीकडे, कोरड्याच्या दिशेने सरकते. त्याने आणखीच बिघडतं.

प्रो शॉपमध्ये विचारलं तर दोन जणांनी दोन गोष्टी सांगितल्या: एकाने खूप हूक होणारा, म्हणजे जोरात वळणारा, असिमेट्रिक (आतला गाभा असमान असलेला) घे म्हटलं, दुसऱ्याने युरेथेन (कमी आणि सावकाश वळणारा). दोन्ही महाग आहेत, ड्रिलिंगचे पैसे वेगळे. चुकीच्या बॉलवर खर्च करायची इच्छा नाही आणि सीझन सोडून द्यायचीही नाही. टीममधले बाकीचे चौघे समजूतदार आहेत, कोणी चकार शब्द बोलत नाही, पण माझ्या १२८ मुळे आपण हरलो हे मला कळतं ना.

प्रतिसाद १

ताई, इतकी नीट माहिती दिलीत त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं स्पोर्ट लीग खेळतोय. बॉलचं नंतर बघू, आधी लाइन.

पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा. जो आकडा येईल, साधारण त्या फळीवर बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. ४२ वजा ३१ म्हणजे ११. तुम्ही त्याला सातवर पाठवताय. हाउस शॉटला सातवर कोरडं मिळायचं, इथे तिथेही तेल आहे. मग तो परत कशाच्या जोरावर येणार? हा नियम अगदी काटेकोर नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळतं. पाय २० वर आणा, बाणांपाशी १२ वी फळी बघा आणि बॉल ११ च्या बाहेर जाऊ देऊ नका. आधी बराच सरळ वाटेल, मोठा वळणदार शॉट मारल्याचं समाधान मिळणार नाही. सपाट पॅटर्नवर असंच खेळावं लागतं.

आता तिसरा गेम. तुमचं निदान उलटं आहे असं माझं ठाम मत आहे. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल तेल शोषतो. दोन्ही टीमचे दहा जण दोन गेम एकाच पट्ट्यातून खेळले की बाणांच्या आसपासचं तेल उडालेलं असतं. बॉल तिथेच लवकर पकड घेतो, ताकद वाटेतच संपवतो आणि पिनांपाशी दमून पोचतो. दिसताना वाटतं वळला नाही, प्रत्यक्षात तो फार आधी वळलेला असतो. खात्री करायची असेल तर १० नंबरकडे न बघता तिच्या लगत पुढे असलेल्या ६ नंबरकडे बघा. सहा नंबरची पिन वेगाने दहाला वळसा घालून गेली तर बॉलमध्ये जीव होता. ती नुसती गटारात आडवी पडून राहिली तर बॉल दमलेला होता. दमलेला असेल तर डावीकडे सरका: पाय दोन फळ्या, नजर एक. तिथे अजून तेल आहे.

युरेथेन आत्ता घेऊ नका. तो आखूड पॅटर्नवर, ३५ फुटांच्या आसपास, छान चालतो. ४२ फुटांवर तुमच्या रिव्हला तो पुरेसा वळणार नाही. खूप जोरदार असिमेट्रिक पहिल्या गेमला बरा वाटेल आणि तिसऱ्याला आत्ता होतंय त्याहून लवकर दमेल. त्याऐवजी आहे त्याच पर्लचं पॉलिश काढून ३००० ग्रिटचा (बारीक घासायचा) पॅड मारून घ्या. नाही आवडलं तर परत पॉलिश करता येतं.

प्रतिसाद २

वरच्या लाइनच्या सल्ल्याशी सहमत, पण पर्लला हात लावू नका असं मी म्हणेन. तिसऱ्या गेमला तेल उडालं की चकचकीत पर्लच कामाला येतो. पहिल्या गेमला पैसे न खर्चता हात बदलून बघा: सोडताना हात बॉलच्या जास्त मागे ठेवा, बाजूने फिरवणं कमी करा. स्टान्समध्ये बॉल दोन-तीन इंच खाली धरला की स्विंग लहान होतो आणि स्पीडही किंचित उतरतो. ताज्या तेलावर तेवढ्याने तो आधी लोळायला लागतो.

पुढेमागे बॉल घ्यायचाच असेल तर सिमेट्रिक सॉलिड (समान गाभ्याचा, पर्लपेक्षा लवकर पकड घेणारा), २००० ग्रिटचा. पहिले दोन गेम तो, तिसऱ्याला पर्ल. आणि स्पर्धेच्या नियमांतली लीग असेल तर लक्षात ठेवा, खेळ सुरू झाल्यावर बॉल घासता येत नाही आणि पातळ क्लीनरही चालत नाही, फक्त कोरडा टॉवेल. प्रत्येक शॉटआधी बॉल फिरताना त्याच्यावर उमटलेली तेलाची कडी पुसून काढा. तेवढं करायलाही पुष्कळ लोक विसरतात.

प्रतिसाद ३

स्पेअर किती सुटतात ते लिहिलं नाहीत. दहाही फ्रेमना नऊ पिना आणि स्पेअर, शेवटच्या जादा बॉललाही नऊ, तरी १९० होतात. एकही स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) नको. स्पोर्ट पॅटर्नवर मी आधी हे बघते.

एक शंका: मी बंगळुरूत खेळते, सेंटरचेच बॉल वापरते. मला या तेलाचा एवढा फरक का जाणवत नाही?

प्रतिसाद १ (पुन्हा)

कारण सेंटरचे बॉल बहुतेक प्लास्टिकचे असतात. ते तेल असो-नसो जवळजवळ सरळ जातात. म्हणूनच १० नंबरसाठी प्लास्टिक वापरतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पेअरचा प्रश्न वाचून मागच्या सोमवारचे आकडे काढले: तीन गेममध्ये एकाच पिनेचे नऊ स्पेअर सुटलेत, त्यातले पाच १० नंबरचे. स्ट्राइकच्या काळजीत तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

काल सोमवार होता. पर्ल तसाच ठेवला, पाय २०, नजर १२. वॉर्मअपमध्येच कळलं की बॉल आता निदान हेडपिनपाशी येतोय. पहिला गेम १६१, दुसरा १५८. तिसऱ्यात पाचव्या फ्रेमला १० नंबर उभी राहिली. यावेळी मी ६ नंबरकडे बघत होते, ती गटारात आडवी पडली होती, अगदी सांगितल्याप्रमाणे. डावीकडे दोन फळ्या सरकताना छातीत धडधडत होतं, कारण आजवर मी नेमकं उलटं करत आले होते. त्या लेनवरच्या पुढच्या दोन फ्रेमना स्ट्राइक. (लीगमध्ये जोडीतल्या दोन लेनवर आळीपाळीने खेळतो.) उजव्या लेनवर मात्र तो सल्ला लागू पडला नाही, तिथे तेवढंच सरकल्यावर बॉल उशिरा वळायला लागला, म्हणून तिथे एकच फळी ठेवली. तिसरा गेम १६६.

आता पुढचा प्रश्न. एकाच जोडीतल्या दोन लेन इतक्या वेगळ्या वागतात तेव्हा तुम्ही दोन्हींचे आकडे लिहून ठेवता की लक्षात ठेवता? काल आठव्या फ्रेमला माझा गोंधळ झाला आणि डाव्या लेनचे पाय उजवीकडे लागले.